तेरा तासांचं विमान

लग्नाला सात महिने झाले होते आणि नवरा तिला पहिल्यांदाच आपल्या नोकरीच्या देशात घेऊन चालला होता. साडेनऊ हजार किलोमीटर, तेरा तासांचं विमान. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात चिमुकलं विमान माहेरापासून लांब सरकत होतं आणि तिची नजर तिथून हलत नव्हती.

"किती वेळा बघशील?" नवऱ्याने पडदा बंद केला. "एकदा तिकडे पोचलीस की बोंब मारलीस तरी कुणी येणार नाही."

तिने पडदा पुन्हा चालू केला. एवढंच.

त्याने कोपर तिच्या नाकावर हाणलं. मग दुसऱ्यांदा, त्याच जागी. रक्त हनुवटीवरून मांडीवर गळू लागलं. ती ओरडली नाही, सवय होती. खिडकीकडची म्हातारी मात्र किंचाळली.

मुख्य हवाईसेविका धावत आली. पन्नाशीची बाई, हाताखालच्या पोरी तिला मावशी म्हणायच्या.

"हात खाली घ्या आधी."

"आमचं घरातलं भांडण आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

"घर खाली राहिलं, साहेब."

त्याने वाटेत उभ्या असलेल्या चहा-कॉफीच्या गाडीवरचा जग उचलून मावशीच्या अंगावर भिरकावला. कढत कॉफीने तिची मान कानापासून गळ्यापर्यंत सोलून निघाली. वाटेपलीकडच्या खुर्चीतला एक आडदांड प्रवासी, धंद्याने ट्रकचालक, उठला, त्याने नवऱ्याची मानगूट धरली. नवऱ्याने त्याच्या अंगठ्याचा लचका तोडला. दोघे वाटेतच कोसळले. नवरा खाली सापडला, पण मोकळ्या हाताची बोटं तो ट्रकचालकाच्या डोळ्यांत खुपसू लागला.

तेव्हा ती रक्ताळल्या नाकानिशी उठली. तिने तो हात दोन्ही हातांनी धरला, खुर्चीच्या दांड्यावर आडवा घातला आणि सगळं अंग टाकून दाबला. हाड कडकन मोडलं.

"बांधा आता," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

निम्मं अंतर झालं होतं. मागे फिरा नाहीतर पुढे जा, वेळ तेवढाच. खाली नुसता समुद्र. वैमानिकाने विमान पुढेच नेलं. शेवटच्या रांगेत बांधलेला नवरा आधी शिव्या घालत राहिला, मग विनवण्यांवर आला. "पोलिसांना सांग, तू धडपडलीस. ऐकतेस ना? अगं, हात सुजलाय माझा!"

ती मावशीच्या मानेवर गार पाण्याच्या घड्या ठेवत होती.

"फार आग होतेय?"

"जीव जातोय, पोरी. पण तू थांबू नकोस."

विमान उतरल्यावर पोलीस आत आले. त्यांच्यातल्या बाईने तिला विचारलं, "हे पहिल्यांदाच झालं?"

"विमानात पहिल्यांदाच," ती म्हणाली. "आणि त्याचा हात मी मोडला. तेही लिहा."

नवरा तुरुंगात गेला. हाताबद्दल तिला कुणीच दोष दिला नाही. तिचं नाक थोडं वाकडं बसलं. परतीच्या विमानात ती जी झोपली, ती थेट उतरतानाच उठली.