हाताची पट्टी

थोरल्याच्या केशकर्तनालयात दोन खुर्च्या होत्या. खिडकीजवळची धाकट्या भावाची, पण ती चार महिने रिकामी होती. धाकटा मनोरुग्णालयात होता. "बाहेरगावी कामाला गेलाय," असं थोरला गिऱ्हाइकांना सांगायचा. तरी कुणकुण लागायची ती लागलीच.

धाकटा परतला. बोलणं जरा संथ झालं होतं, हात मात्र पूर्वीसारखाच हलका. "कामाला लागू दे," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पहिल्याच सकाळी दाढीला आलेले मास्तर त्याला बघून दारातच घुटमळले.

"तुझं हातातलं गिऱ्हाईक आटपू दे. मी थांबतो," ते थोरल्याला म्हणाले.

थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "तो नाहीच करत सध्या. हात दुखावलाय त्याचा."

मागे टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या धाकट्यानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो उजव्या हाताला पट्टी गुंडाळून आला.

"हे काय रे?"

"कुणी विचारलं तर तू खोटा पडायला नको, दादा."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं ती पट्टी सोडायला लावली नाही. आठवडाभर चालवून घेतली, कारण सोयीची होती. धाकटा डाव्या हातानं केर काढायचा, आणि गिऱ्हाइकं त्याला आपुलकीनं म्हणायची, "लवकर बरा हो." गेल्या चार महिन्यांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

आठव्या दिवशी मास्तरांनी घरून मलम आणलं. धाकटा ते मान खाली घालून घेऊ लागला, तेव्हा थोरल्याला राहवेना.

"मास्तर, हाताला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो. तो मनोरुग्णालयात होता."

मग स्वतःच खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो धाकट्याला म्हणाला, "सोड ती पट्टी. माझी दाढी कर."

धाकट्यानं फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. पातं गळ्याशी आलं आणि थोरल्याची बोटं खुर्चीच्या हातांत रुतली. धाकट्यानं ते आरशात पाहिलं आणि वस्तरा उचलून धरला.

"दादा, श्वास घे," तो शांतपणे म्हणाला. "घाई नाही."

दाढी झाली. साधा ओरखडाही नव्हता. मास्तर त्या दिवशी थोरल्याकडेच बसले. धाकट्याच्या खुर्चीत बसायला त्यांना महिना लागला. थोरल्यानं त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. कुठल्या तोंडानं ठेवणार?