टेम्पोच्या पाट्याची सुरी

टप्प.

दुपारच्या निवांत घरात पेरू ताटलीतून निसटला, फरशीवर आपटला आणि घरंगळत कॉटखाली गेला. कणकेचे हात तसेच घेऊन मी पुढच्या खोलीत आले. आबा, माझे वडील, रिकाम्या ताटलीकडे बघत होते. उजव्या हातात सुरी. डावा हात मांडीवर, बोटं आत मुडपलेली. अपू, माझी पाच वर्षांची, कॉटखालून पेरू घेऊन रांगत बाहेर आली.

"आईकडं दे," आबा तिला म्हणाले. "ती दील चिरून."

"तुम्हीच द्या. आई मीठ नीट लावत नाही."

आबांनी सुरी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दिवाळीत त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालणं परत आलं, बोलणं आलं, हात तेवढा आला नाही. भाकरी ते एका हाताने मोडतात, कांदा बुक्कीने फोडतात. पण पेरू धरून ठेवायला दुसरा हात लागतो. आणि अपूला पेरू चिरून देणं हे या घरातलं त्यांचं काम होतं. दुधाचा टेम्पो लावून आले की आधी ते, मग चहा. त्या दुपारनंतर अपू पेरू घेऊन त्यांच्याकडे जायची थांबली. पोरीला समजलं होतं, आणि ते त्यांनाही समजलं होतं.

एका हाताने चिरायची सुरी असते, हे मला मोबाईलवर दिसलं. अर्ध्या चंद्रासारखी, मूठ वरच्या अंगाला. दाबून डोलवायची. मागवली असती, पण आबा तिला 'आजाऱ्याची वस्तू' म्हणाले असते. टेम्पो विकला तरी त्याचा एक मोडका पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून पडून होता. चांगलं पोलाद. मी तो उचलला.

अपू झोपली की माझं काम सुरू. घमेल्यात कोळसे, बाजूने लोखंडी पाइप, पाइपाला माझा केस वाळवायचा ड्रायर.

"लग्नातला ड्रायर कोळशाला!" माझी आई दारातून म्हणाली. "जावईबापूंनी विचारलं तर गं?"

"त्यांना टक्कल पडायला लागलंय. ते कशाला विचारतात?"

पाटा धनुष्यासारखा वाकलेला. लाल झाला की रुळाच्या तुकड्यावर ठेवायचा आणि हातोडा हाणायचा. आवाजाने अपू उठली आणि पायरीवर येऊन बसली.

"दुखत नाही त्याला?"

"नाही गं. तापलं की लोखंड ऐकतं."

पाटा सरळ झाला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.

त्यावर खडूने करंजी काढली. शेजारून ग्राइंडर आणून कापली आणि कितीतरी दुपारी घासत बसले. मग तिला पाणी दिलं, म्हणजे पुन्हा लाल करून शेंगदाण्याच्या तेलात बुडवली. भडका उडाला, एक भुवई करपली, पण कानस तिच्यावरून नुसती घसरायला लागली. कडक झाली! काचेसारखी फुटू नये म्हणून केकच्या ओव्हनमध्ये गव्हाळ रंग येईपर्यंत भाजली. आणि तेव्हा लक्षात आलं, मुठीची भोकं पाडायची राहिली. आता ड्रिल नुसतं किरकिरत होतं.

खिडकीतून हसू आलं. आबांचं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"आधी भोक, मग पाणी द्यायचं, पोरी! सायकलची ट्यूब आण. आवळून बांध लाकडाला."

बांधली. आबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली.

"कुठला पाटा ह्यो?"

"गोठ्याच्या दाराचा."

"चंदनापुरीच्या घाटात मोडला हुता," ते हळूच म्हणाले. "दुधाचा थेंब सांडू दिला न्हाई मी."

अपूने पेरू आणला. आबांनी पातं टेकवलं, दाबलं. पेरू निसटला.

टप्प.

मी वाकून पेरू उचलला. ताटलीत ठेवावा की घेऊन आत जावं, मला कळेना.

"ठिव हितं," आबा म्हणाले. "उतारावर गाडी उभी केली तर चाकाला काय लावत्यात?"

"दगड."

त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं, उचललं आणि मिटलेली मूठ पेरूला टेकवून ठेवली.

"आबा, नको! बोटं..."

"दगडाला काय लागतंय?"

पातं डोललं. एकदा, दोनदा. कच्च. मूठ जराशी हलली, पण पेरूच्या दोन फोडी झाल्या. एक मोठी, एक लहान. आबांनी अंगठ्याने मीठ-तिखट लावलं आणि मोठी पुढे केली.

"मीठ बरोबर आहे," अपू तोंडभर पेरू घेऊन म्हणाली. मी पदराआड डोळे पुसून घेतले.

खाऊन झाल्यावर ती आबांच्या मांडीला टेकून बसली. त्यांची मिटलेली बोटं एकेक करून उघडायला लागली. उघडलेलं बोट सोडलं की परत मिटायचं. थोडा वेळ तिने अंगणातल्या घमेल्याकडे पाहिलं. आबा लहान फोड चावायचे थांबले.

"आई, आबांचा हात लाल होईपर्यंत तापवला, तर तोपण ऐकेल?"