पावतीला टाचलेला तुकडा

“पावतीला कापडाचा तुकडा टाच गं पोरी. नाहीतर महिन्याने तुलाच कळायचं नाही, हा दोरा कुणाच्या कोटाचा!” तिला शिवण शिकवताना बाबा म्हणायचे. पुढे शिवून शिवून त्यांची नजर गेली, तेव्हा त्यांनी शपथ घातली, “आता सुई सोड. नोकरी धर.”

तिने नोकरी धरली. दिवसभर दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवायची. सुई मात्र सुटली नाही. आठ वर्षं ती संध्याकाळी नाटकमंडळींचे पोशाख ठेक्याने शिवत होती. बाबांना याचा पत्ता नव्हता.

आज करकचेरीत तिच्या पावत्यांचा ढीग साहेबांपुढे होता.

“बाई, पगार तर मिळतो तुम्हाला. मग मशीन, जर, अस्तर... हे घरचं शिवण धंद्याचा खर्च म्हणून कसं वजा करू?”

खर्च नामंजूर झाला, तर कर भरायला मशीनच विकावं लागणार होतं.

“पावती उलटी करा, साहेब.”

मागे जांभळ्या मखमलीचा बोटभर तुकडा टाचलेला. खाली बारीक अक्षरात: राजाचा झगा, दुसरा अंक. पुढच्या पावतीला राणीची जर, त्यापुढच्या पावतीला पहारेकऱ्याचं खरखरीत सुती कापड. तिने नाटकमंडळींना दिलेली बिलं साहेबांनी शेजारी मांडली. झग्याला झगा जुळला, जरीला जर.

मग ते थबकले. “आणि हा बसचा पास? याला तुकडा नाही.”

ती ओशाळली. “तो नोकरीला जायचा. घाईत या गठ्ठ्यात आला. खोडा तो.”

“स्वतःहून खोडायला सांगणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय!” साहेब हसले. त्यांनी पासावर काट मारली आणि बाकी साऱ्या पावत्यांवर धडाधड शिक्के उमटवले. “मशीनसकट मंजूर. धंदाच आहे हा तुमचा.”

पायऱ्या उतरताना तिचे पाय जमिनीवर ठरेनात. गेटापाशीच तिने फोन लावला.

“बाबा, रागवा हवं तर. मी शपथ मोडली. आठ वर्षं शिवतेय. आणि आज सरकारी शिक्क्यानिशी धंदेवाईक शिंपीण झाले.”

पलीकडून जुनाच आवाज, जरा ओला.

“आठ वर्षं तुझ्या बोटांचे खरखरीत शेंडे माझ्या हाताला लागतायत, पोरी. डोळे गेलेत, हात नाही गेले. बोललो असतो, तर सोडलं असतंस तू. मला ते नको होतं.”