माझं तोंड बोल्टने बंद केलं

मित्रांनो, मी एका जुन्या पेट्रोल ट्रकमधला व्हॅक्यूम गेज आहे. मला चिडका म्हातारा म्हणा हवं तर, पण आज मी बोलणारच.

इंजिन हवा किती जोराने ओढतं, ते माझा काटा दाखवतो. या ट्रकच्या ब्रेकलाही त्याच ओढीचा जोर मिळतो. मला इथे बसवलं तात्यांनी. सारा जन्म मेकॅनिकी केलेला माणूस! त्यांनी इंजिनापासून एक रबरी नळी आत आणली, पत्र्यावर ती घासू नये म्हणून भोकात रबराची कडी घातली आणि मला स्टिअरिंगशेजारी आवळलं. इंजिन सुरू होताच माझा काटा सर्रकन चढला आणि वीसपाशी स्थिरावला.

"बघ, ही इंजिनाची नाडी," ते लेकीला म्हणाले. तेवढाच काय तो माझा मान.

पुढे तात्यांची नजर गेली आणि ट्रक त्यांच्या मुलाकडे आला. तो लोकांचं घरसामान हलवायचा. बहीण सोबत असायची. एके दिवशी माझा काटा थरथरू लागला.

"दादा, इंजिनाचा व्हॉल्व्ह जळला असेल. तात्यांना विचारूया."

"काही नको. काटाच बिघडलाय. नुसतं डोकं उठवलंय त्याने!"

त्याने माझी नळी उपटली आणि तिच्या तोंडात बोल्ट कोंबला. मी शून्यावर पडलो. खरं सांगितलं, हाच माझा गुन्हा!

तीन आठवड्यांनी भर उतारावर व्हॉल्व्ह तुटला, इंजिन बंद पडलं आणि त्याची ओढही थांबली. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा जेमतेम लागला, मग पेडल दगडासारखं घट्ट झालं. ट्रक भिंतीवर आदळला. दादाला खरचटलंही नाही. बहिणीचं मनगट मात्र मोडलं.

"ब्रेकने दगा दिला, तात्या," दादा म्हणाला.

तात्या चाचपडत ट्रकपाशी आले. केबिनमध्ये चढून त्यांनी माझ्यामागे हात घातला. बोटांना माझं रिकामं तोंड लागलं, मग लोंबणारी नळी, मग बोल्ट. तो त्यांनी दादाच्या हातावर ठेवला.

"हा ब्रेकने लावला का रे?"

दादाची मान खाली गेली. तात्यांनी किल्ली लेकीच्या धडधाकट हातात दिली. इंजिन दुरुस्त झालं, मलाही पुन्हा जोडलं. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. ते मनगट थंडीत अजून ठणकतं.

मित्रांनो, मला पुसू नका, चमकवू नका. मी थरथरलो, तर फक्त गाडी थांबवा आणि बॉनेट उघडा.