हत्तीच्या पैशाची ओटी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पैसा आहे. जुना म्हणजे तुमच्या आजोबांच्या खिशातला नव्हे, पार सातवाहन राजांच्या काळातला. माझ्या एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आहे. तो थोडा झिजला आहे, पण त्याने सोंड अजून खाली घेतलेली नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

तापल्या तांब्यावर ठसा ठोकून मला घडवलं. मी बाजार पाहिले, माझ्या बदल्यात लोकांनी मीठ नेलं, तेल नेलं. पुढे कुणाच्या तरी कनवटीतून निसटलो आणि मातीत गाढ झोपलो. जाग आली ती लोणारच्या एका शेतकऱ्याच्या घरात. तिथल्या मनकर्णाबाईंनी लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या ओटीत गहू, नारळ, खण आणि त्यावर मला ठेवलं. ती लेक म्हणजे सत्यभामाबाई. तिच्या पदरातून मी वडनेर भोलजीला आलो आणि देव्हाऱ्यात बसलो.

तिथे माझे लाड झाले. दर दिवाळीला सत्यभामाबाई चिंच लावून मला असं घासायच्या, की हत्तीला दिवसा तारे दिसावेत. त्यांची मुलगी प्रतीक्षा मात्र वेगळी होती. ती माझ्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची आणि कागदावर हत्ती उमटला की घरभर नाचायची. त्याच नादाने ती मोठेपणी जुन्या नाण्यांची संग्राहक झाली. लग्नानंतर अमेरिकेत गेली तरी तो नाद सुटला नाही.

यंदा ती माहेरी आली होती. परत निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि अर्जुनराव, म्हणजे तिचे वडील, नांदुऱ्याची रेल्वे चुकेल म्हणून अंगणात येरझाऱ्या घालत होते. सत्यभामाबाईंनी लेकीला पाटावर बसवलं, ओटी भरली आणि शेवटी मला गव्हावर ठेवलं. मी तर हरखून गेलो. विमानात बसणारा माझ्या कुळातला मी पहिलाच ठरणार होतो.

प्रतीक्षाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"आई, हा पैसा मले नेता येत नाही."

"काऊन? मायनं मले देला, मी तुले देऊन राह्यली."

"शंभर वर्षांवरची वस्तू आपल्या देशाबाहेर नेऊ देत नाहीत. अन् तिकडंही आता नियम झाले. जुनं नाणं आणलं, तं ते आपल्या देशातून रीतसर निघालं याचा कागद दाखवा म्हणतात. आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या एकाचं पाकीट असंच अडकलं. त्याचं नाणं परत त्याच्या देशात धाडलं."

"ओटीतल्या वस्तूचा कागद असते का बाई?"

"नसते. म्हणून तं आम्ही सारे आधी कुरकुरलो. पण नियम नसला, तं कोणीही आपली वावरं उकरून असे पैसे विकून टाकीन."

सत्यभामाबाईंना हे पटत होतं, पण त्यांचे डोळे भरून आले. मित्रांनो, ओटीत घातलेलं परत घेत नाहीत. परत घेतलं तर माहेरचा आशीर्वादच मागे घेतल्यासारखं होतं. आणि मला नेलं तर लेक विमानतळावर अडकणार. मी गव्हात पडल्या पडल्या दोघींकडे पाहत होतो आणि मला स्वतःचीच लाज वाटू लागली.

 मग प्रतीक्षा उठली, बॅगेतून मैत्रिणीसाठी घेतलेला नवा खण काढला आणि म्हणाली, "आई, आता तू बस पाटावर."

"लेकीनं मायची ओटी भरावी, असं कुठं असते का?"

"मी परत देत नाही. मी तुही ओटी भरून राह्यली."

सत्यभामाबाई बसल्या. प्रतीक्षाने त्यांना कुंकू लावलं, पदरात गहू घातले, नारळ व तो नवा खण ठेवला आणि त्यावर मला. लोणारचे आईभाऊ गेल्यापासून त्यांची ओटी माहेरच्या मायेने कुणी भरली नव्हती. त्या पदर सावरत एकदम हसल्या आणि रडल्याही.

"आता माहं माहेर अमेरिकेत आहे म्हना," त्या म्हणाल्या. अर्जुनराव अंगणातून ओरडले, "हाव, पण तिकडची गाडी नांदुऱ्यावरूनच सुटते." सगळे हसले.

निघताना प्रतीक्षाने मला हळूच उचललं, वर कागद ठेवला आणि लहानपणासारखी पेन्सिल फिरवली. हत्ती उमटला. तो कागद तिने पर्समध्ये ठेवला. तो कुठल्याच विमानतळावर अडला नाही. आज तिच्या संग्रहातल्या सगळ्या नाण्यांच्या वर तो चौकटीत लावलेला आहे, असं ती फोनवर सांगते.

मी देव्हाऱ्यात मजेत आहे. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर ती कुठल्या मातीतली, हे आधी विचारा. तिच्या गावाला तिची आठवण असते. आणि कृपा करून तिला चिंचेने घासू नका, त्याने ठसा झिजतो. प्रतीक्षाने फोनवर आईकडून तसं वचन घेतलं आहे. या दिवाळीला सत्यभामाबाईंनी चिंच हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि ती मुकाट्याने वरणात टाकली.