डाव्या खांद्याचे गोल

थोरली आणि धाकटी. नात्याने कोणी कोणाच्या नव्हत्या, पण कॉलेजच्या फुटबॉल संघात गोलकीपर दोन, म्हणून ही नावं पडली. थोरली शेवटच्या वर्षाला, संघाची कप्तान. धाकटी हंगामभर बाकावर. तिचं काम एकच, सामन्याआधी थोरलीला सरावाचे चेंडू मारायचे. मुली थट्टेने म्हणायच्या, "हिचे बूट नवेच राहिले, बाक तेवढा झिजला."

तिसऱ्या सामन्यात थोरली डाव्या खांद्यावर पडली. उठली, हसली, पुन्हा खेळली. हॉस्टेलच्या खोलीत मात्र तिला वेणी घालता येईना. हात कानाच्या वर जात नव्हता. धाकटीने काही न विचारता कंगवा हातात घेतला.

"मॅडमना बोलू नकोस," थोरली म्हणाली. "एवढं वर्ष काढू दे. पुढे कुठला फुटबॉल आणि कुठली मी."

तेव्हापासून सरावात धाकटी सगळे चेंडू थोरलीच्या उजवीकडे मारू लागली. प्रशिक्षक मॅडमचा जीव पुढच्या फळीत, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. सांगून टाकावं असं धाकटीला वाटायचं, पण सांगितलं तर जागा तिलाच मिळणार. लोक म्हणाले असते, ताईचा काटा काढला. खरं तर तिला ती जागा हवीच होती, आणि म्हणूनच तोंड उघडायची लाज वाटायची.

गोल मात्र डावीकडूनच होत राहिले आणि खापर फुटलं डाव्या बाजूच्या बचावपटूवर. ती पोर जीव तोडून पळायची, तरी प्रत्येक गोलनंतर बोलणी तिलाच. तिचं नाव 'गोगलगाय' पडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. हरलं तर संघ खालच्या गटात जाणार होता. कपडे बदलायच्या खोलीत मॅडमनी अकरा नावं वाचली. गोगलगायीचं नाव त्यात नव्हतं.

"तू आज बस. तुझ्या बाजूने काय काय झालंय, तुलाच माहीत आहे."

ती खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली. थोरली शेजारीच बसली होती. तिने खांद्याचं नाव काढलं नाही. आजवर धाकटीला थोरलीची दया यायची. आज पहिल्यांदा राग आला.

मैदानावर सराव सुरू झाला. उजवीकडचे चार-पाच चेंडू थोरलीने छान झेलले. मग धाकटीने एक डावीकडे, वरच्या कोपऱ्यात मारला. जोरात नव्हता, शाळेतल्या पोरीनेही अडवला असता. थोरलीचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. चेंडू जाळीत गेला.

मॅडम थबकल्या. "परत मार."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मानेनेच हो म्हटलं. चेंडू परत तिथूनच जाळीत गेला.

"मॅडम, खांदा गेलाय," थोरली म्हणाली. "तिसऱ्या सामन्यापासून. ते गोल माझे आहेत, तिचे नाहीत."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग गोगलगायीला बोलवायला गेल्या.

"ताई, मी जागेसाठी नाही केलं," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे." थोरली ग्लोव्हज काढून तिच्या हातात देत होती. "तू उजवीकडेच मारतेस, हे मला कळत नव्हतं का? रोज वाटायचं, आज तरी ही डावीकडे मारेल. म्हणजे मला तोंडाने बोलावं लागणार नाही."

इतके दिवस धाकटीला वाटत होतं, आपण ताईला सांभाळतोय.

गोगलगाय धावत आली. मॅडमनी तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. थोरली पुढे झाली, पण गोगलगाय तिच्यापाशी थांबली नाही. सरळ धाकटीसमोर येऊन उभी राहिली.

"तुलाही माहीत होतं?"

"हो," धाकटी म्हणाली.

गोगलगायीने ऐकून घेतलं आणि डाव्या बाजूला आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

सामना बरोबरीत सुटला, संघ वाचला. गोगलगायीच्या बाजूने एकही चेंडू आत आला नाही. गोलमधून धाकटीने तिला पुन्हा पुन्हा हाका मारल्या, पण शेवटच्या शिट्टीपर्यंत तिला दिसली ती फक्त तिची पाठ.