फोटोतला मधला माणूस

चिनी राजकारण विभागाच्या कॉरिडॉरमध्ये जो ग्रुप फोटो टांगलेला होता, त्यातली माणसं रात्रीतून जागा बदलत. विभागात याचं कुणाला विशेष वाटत नसे. ज्या फोटोतली माणसं वर्षानुवर्षं आहेत तिथंच उभी राहतात तो फोटो आपल्या काय कामाचा, असं विभागप्रमुख खांबेटेबाई म्हणत. बाईंचं म्हणणं कुणी खोडत नसे, कारण फोटोत त्या मध्यभागी होत्या.

फोटो वाचणं हा या लोकांचा धंदाच. चीनमध्ये कोण वर चढला आणि कुणाचे दिवस भरले हे तिथलं कुणी सांगत नाही. मग इकडच्या अभ्यासकांनी करायचं काय? तर बीजिंगहून एखादा फोटो आला की भिंग घेऊन बसायचं. कोण कुणाच्या डाव्या हाताला उभा आहे, कुणाची खुर्ची जराशी मागे सरकली आहे, कुणाच्या चहाच्या कपावर झाकण नाही, आणि मुख्य म्हणजे गेल्या फोटोत होता नि या फोटोत नाही असा कोण. लग्नाच्या अल्बमवरून कुठली आत्या कुणावर रुसली होती हे ओळखणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना त्यासाठी कुणी डॉक्टरेट देत नाही, इतकाच फरक.

डॉ. श्रीनिवास हुपरीकर यांना मिळाली होती. शिवाय नावही मिळालं होतं. फार वर्षांपूर्वी तिकडच्या कुठल्याशा समारंभाच्या फोटोत, जिथं एक मंत्री उभा असायला हवा होता तिथं, फुलझाडाची कुंडी होती. दिल्लीपासून पुण्यापर्यंत सगळ्यांनी ती पाहिली आणि छान आहे म्हटलं. हुपरीकरसरांनी मात्र टीव्हीवर शांतपणे सांगितलं, "मंत्री अडचणीत आहेत." दीड-दोन महिन्यांत मंत्री तुरुंगात गेले आणि सर कायमचे टीव्हीवर आले. निवेदक म्हणे, "सर, एका वाक्यात सांगा," आणि सर एका वाक्यात सांगत. मग आणखी चार वाक्यं सांगत. पण पहिलं वाक्य खरं ठरे.

एकच गोष्ट राहून गेली होती. सर चीनला गेले नव्हते. उभा जन्म चीन शिकवण्यात गेला, स्वप्नंसुद्धा तळटिपांसकट पडत, पण जाणं काही जमलं नव्हतं. व्हिसा मिळाला तेव्हा विद्यापीठाकडे पैसे नव्हते. पैसे आले तेव्हा सीमेवर तणाव होता. तणाव निवळला तेव्हा सरांना कावीळ झाली. सरांच्या पत्नी कुमुदिनीबाई यांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बीजिंगच्या थंडीसाठी म्हणून एक जाडजूड कोट शिवून घेतला होता. तो कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर नांदत होता. दर दिवाळीआधी बाई तो उन्हात घालत आणि शेजारणीने विचारलं की सांगत, "ह्यांचा चीनचा कोट."

सरांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना बीजिंगहून आमंत्रण आलं. परिषद मोठी, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा, पण बोलावलं होतं विभागातल्या एकालाच. आता त्या विभागात ज्येष्ठतेचा वाद कोर्टात पडून होता. तेव्हा असल्या प्रसंगी फोटोत जो मध्यभागी असेल त्याने जायचं, असा रिवाज होता. फोटोत मध्यभागी खांबेटेबाई होत्या. त्यांच्या उजव्या हाताला हुपरीकरसर. डावीकडे फरांदे आणि त्यांच्यापलीकडे सरनोबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर फोटोसमोर उभे राहिले. सरनोबतांच्या पायाखाली एक बशी होती. कुंडीतलं पाणी फरशीवर सांडू नये म्हणून खाली ठेवतात, तसली.

"सरनोबत अडचणीत आहेत," सर म्हणाले.

त्याच्या पुढच्या सकाळी फोटोत सरनोबतांच्या जागी कुंडी होती, आणि विभागात त्यांच्या खुर्चीवर तीच कुंडी होती. क्रोटनची पानं होती, चांगली रंगीत. दुपारी सरनोबतांच्या पत्नी रिक्षा घेऊन आल्या.

"पाणी किती घालायचं हो ह्यांना?"

"दिवसाआड," सर म्हणाले.

"आणि ऊन?"

"सकाळचं चालेल. दुपारचं नको. त्यांना पित्ताचा त्रास आहे."

"ते मला ठाऊक आहे," असं म्हणत बाईंनी कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतला. "घरी असं शांत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं यांना," त्या म्हणाल्या. फारशा नाराज दिसल्या नाहीत.

विभागातला एक माणूस कमी झाला की जागा मोकळी व्हायला हवी, तशी ती झाली. कॉरिडॉर जरा लांबला.

फरांदे सीमाप्रश्नावरचे तज्ज्ञ. ते संध्याकाळी सरांच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"हुपरीकर, आपण एका ताटात जेवलेले लोक."

"एका मेसमध्ये," सर म्हणाले. "ताटं वेगळी होती."

"तेच ते. मी फोटोत कसा दिसतो?"

"बरे दिसता. जरा कडेला आला आहात."

"सरनोबत गेले म्हणून कडेला आलो. आणखी काही?"

सरांनी पेढा खाल्ला. सकाळी त्यांनी फरांद्यांच्या पायाखालची बशी पाहिली होती. विचारलं नसतं तर ते बोललेही नसते. पण अभ्यासकाला कुणी सरळ प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर ठाऊक असलं, तर गप्प बसणं हे कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.

"तुम्ही अडचणीत आहात," सर म्हणाले.

फरांदे नेचा झाले. सरांनी त्यांना सावलीत ठेवायला सांगितलं.

"अहो," पेढ्यांचा रिकामा पुडा घडी करून ठेवत कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते आधी झालेलं असतं, की तुम्ही सांगता म्हणून होतं?"

"संशोधनात असं विचारत नाहीत."

"मी कुठं संशोधनात विचारतेय? स्वयंपाकघरात विचारतेय."

सर पेपर वाचू लागले.

खांबेटेबाई हुशार. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "हुपरीकर, तुम्ही रोज फोटो बघा, खुशाल बघा. फक्त मला काही सांगू नका. मी विचारलं तरी सांगू नका. मी बीजिंगहून परत येईपर्यंत."

"बरं," सर म्हणाले.

ते निघाले. दाराशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला, कारण केबिनही आता लांबट होऊ लागली होती. मागून बाईंचा आवाज आला.

"हुपरीकर."

"काय बाई?"

"काही आहे का पण?"

बाईंचंही सगळं आयुष्य याच विषयात गेलेलं. विचारल्याशिवाय त्यांनाही राहवेना. सरांनी दाराच्या मुठीवर हात ठेवून विचार केला. बशी तर होती. नाही म्हणता आलं असतं. बाई गेल्या असत्या, परत आल्या असत्या, आणि शिकेकाईने धुतलेल्या केसांसारखं काळजीने जपलेलं सरांचं चीनला जाणं जिथल्या तिथं राहिलं असतं. मग त्यांना कोट आठवला.

"तुम्ही अडचणीत आहात, बाई."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी समोरचे कागद नीट रचून ठेवले.

बाईंचं रबराचं झाड झालं, पानं रुंद आणि ताठ. त्यांची कुंडी मात्र कुणी घरी नेली नाही. विभागाच्या बैठकीला अध्यक्ष लागतो, म्हणून ती प्रमुखांच्या खुर्चीवरच ठेवण्यात आली. हुपरीकरसरांना बीजिंगला पाठवण्याचा ठराव तिच्याच अध्यक्षतेखाली मंजूर झाला. विरोधात कुणी बोललं नाही.

आता फोटोत मध्यभागी सर होते. दोन्ही बाजूंना हिरवळ होती. व्हिसा चार दिवसांत आला, इतक्या लवकर तो पूर्वी कधी आला नव्हता. तिकीटही आलं, गुरुवारचं. कुमुदिनीबाईंनी कोट काढला, झटकला, सरांच्या अंगावर चढवून पाहिला. तो थोडा सैल झाला होता, म्हणजे सर थोडे कमी झाले होते. बाईंनी गुंड्या सरकवून लावल्या. सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू?"

"विचार."

"फोटोत आता माणूस असे तुम्ही एकटेच."

"हो."

"मग मधले जसे तुम्ही, तसे कडेचेही तुम्हीच ना?"

सरांनी तोंड उघडलं. हा प्रश्न आजवर कुठल्याच परिसंवादात निघाला नव्हता.

"हे बघा," बाईंनी दोरा दाताने तोडला, "विमान गुरुवारी आहे. तोवर त्या फोटोकडे बघायचं नाही. आणि कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही. चीनला गेल्यावर काय बोलायचं ते बोला. इतकी वर्षं हा कोट मी उन्हात घातलाय. मला एकदा तो विमानतळावर जाताना बघायचाय."

"नाही बोलणार," सर म्हणाले. बाईंना इतक्या लवकर त्यांनी लग्नातच काय तो होकार दिला होता.

मंगळवारी ते फोटोसमोरून डोळे मिटून गेले. कॉरिडॉर इतका लांबला होता की अर्ध्या वाटेत शिपायाने बसायला स्टूल ठेवलं होतं. बुधवारी टीव्हीवाले आले. पुण्याचा अभ्यासक उद्या बीजिंगला निघतोय, तर चार शब्द हवे होते. निवेदिका नव्या दमाची, चटपटीत. तिने सरांना उभं करायला जागा शोधली आणि फोटोच्या पुढ्यातच उभं केलं. मागे काहीतरी असलं की बरं दिसतं, म्हणाली.

सर चांगलं बोलले. व्यापारावर बोलले, सीमेवर बोलले, शेजाऱ्याशी कसं वागावं यावरही बोलले. मागे वळून पाहिलं नाही. घरी कुमुदिनीबाई टीव्हीसमोर पोळ्यांची कणीक मळत हे बघत होत्या.

"आणि सर, शेवटचं," निवेदिका म्हणाली. "फोटो वाचण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही. तुमच्या मागेच एक फोटो आहे. काय दिसतंय त्यात?"

"नका बोलू," कुमुदिनीबाई टीव्हीला म्हणाल्या.

सर वळले. नुसतं वळायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. फोटोत ते मध्यभागी उभे होते, हात पाठीमागे, चेहरा प्रसन्न. पायाखाली बशी होती. पांढरी, कडेला कपचा उडालेली.

ते परत कॅमेऱ्याकडे वळले आणि गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कॅमेऱ्यासमोर गप्प होते, आणि त्यांना ते जमतही होतं. त्यांनी कोट आठवला. गुरुवार आठवला.

"सर, दहाच सेकंद आहेत," निवेदिका म्हणाली. "एका वाक्यात सांगा."

"हुपरीकर अडचणीत आहेत," सर म्हणाले.

पुढची चार वाक्यंही त्यांच्या ओठांशी आली होती. पण त्यांच्या आधी तिथं पान आलं.

कुमुदिनीबाईंनी कणकेवर ओलं फडकं टाकलं, गॅस बंद केला आणि रिक्षा बोलावली.

तिकीट परत होणारं नव्हतं. गुरुवारी सकाळी बाईंनी कुंडीभोवती कोट गुंडाळला, गुंड्या लावल्या, वरून पानं नीट बाहेर काढली आणि विमानतळावर गेल्या. सरांना सगळं ऐकू येत होतं. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, तोही येत होता.

काउंटरवरच्या माणसाने मान वर केली. "काकू, हे काय?"

"प्रवासी."

"तिकीट?"

"आहे. व्हिसाही आहे. पासपोर्ट हा घ्या."

त्याने पासपोर्टातला फोटो पाहिला, झाड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "फोटो जुना वाटतो."

"नऊ-दहा वर्षं झाली."

"तरीच. झाड कसलं आहे?"

बाईंनी पानांकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं बघूनही त्यांना नक्की सांगता येईना. "चिनी राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंध," त्या म्हणाल्या.

त्याने ते टाइप केलं. "झाडाला हरकत नाही. पण मातीसकट नाही जाता येणार. आपली माती तिकडे घेत नाहीत."

"मग काय करायचं?"

"झटकून घ्या. कोट असू दे."

"मुळांना काही होणार नाही ना?"

"ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे फक्त माती."

मागे रांग वाढत होती. "ओ काकू, आटपा जरा, आमचं बोर्डिंग आहे!" कुणीतरी ओरडलं.

कुमुदिनीबाईंनी कोट सोडून हातावर घेतला. पिशवीतून कालचा पेपर काढून फरशीवर पसरला. कुंडी आडवी केली, बुडाला दोन थापा मारल्या आणि खोडाला धरून ओढलं. झाड सहज बाहेर आलं. त्यांनी ते हलकेच झटकलं. सरांची माती पेपरवर पडली, काळी, ओलसर, बाईंना वाटली होती त्यापेक्षा बरीच जास्त. बाईंनी पुन्हा झटकलं. मुळांच्या गुंत्यात बुटाची एक नाडी दिसली. ती नीट, दुहेरी गाठ मारून बांधलेली होती.

बाईंचा हात थांबला.

काउंटरवरचा माणूस उठून उभा राहिला आणि वाकून त्याने मुळांकडे पाहिलं.

"अजून आहे," तो म्हणाला.